ख्रिस्ती क्षमा: हिशेब मांडून सोडलेले कर्ज

ख्रिस्ती धर्माविषयी फारसे काही न वाचलेल्या मराठी माणसालाही एक वचन हमखास ठाऊक असते: एका गालावर कोणी मारले, तर दुसरा गाल पुढे करावा. शाळेतल्या भाषणांतून, गांधीजींवरच्या लेखांतून आणि अनेकदा टिंगलीच्या सुरातही ते आपल्या कानांवर पडलेले असते. त्यातूनच असा समज रूढ झाला आहे की ख्रिस्ती क्षमा म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे, झाले गेले गंगेला मिळाले असे म्हणणे आणि मारणाऱ्याला पुन्हा मारण्याची मोकळीक देणे. खुद्द शुभवर्तमानांतला, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रग्रंथांतला, मजकूर मात्र या समजाला आधार देत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला अटक करून प्रमुख याजकापुढे उभे केले जाते, तेव्हा एक शिपाई त्याच्या तोंडात मारतो. येशू उलट हात उगारत नाही, पण गप्पही बसत नाही; मी चुकीचे बोललो असेन तर काय चुकले ते सांग, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असा सरळ जाब तो त्या शिपायाला विचारतो. सूड घ्यायचा नाही, आणि अन्यायाला अन्याय म्हणण्याचे सोडायचे नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रसंगात एकत्र आहेत. ख्रिस्ती क्षमेचे सगळे अवघडपण याच जोडीत आहे.

ही क्षमा येते कुठून, हे समजण्यासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला एक दाखला, म्हणजे बोधकथा, पाहावी लागते. पेत्र नावाचा शिष्य येशूला विचारतो की माझ्या भावाने माझा अपराध केला, तर मी त्याला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा करावी काय? सात हा आकडा त्याच्या दृष्टीने बराच उदार होता. येशू त्याला साताच्या सत्तरपट सांगतो, म्हणजे मोजदाद सोडून दे असेच सांगतो, आणि मग एका राजाची गोष्ट सांगतो. राजाच्या एका सेवकाकडून दहा हजार तालांत येणे असते. एक तालांत म्हणजे ढोबळमानाने सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. वर्षातले तीनशे दिवस काम धरले, तर ते फेडायला दोन लाख वर्षे लागतील. हा सेवक राजाच्या पाया पडून म्हणतो की मला थोडी मुदत द्या, मी सगळे फेडीन. ऐकणारे या ठिकाणी नक्कीच हसले असतील, असे मला नेहमी वाटते. राजाला त्याची दया येते आणि तो मुदत देण्याऐवजी सगळे कर्जच सोडून देतो. तो सेवक बाहेर पडतो आणि त्याला एक सहकारी भेटतो, ज्याच्याकडून त्याचे शंभर दिनार येणे असते. हा त्याचा गळा धरतो, आणि मघाशी स्वतः केलेली विनवणी त्याच शब्दांत समोरच्याच्या तोंडून ऐकूनही त्याला तुरुंगात टाकतो. हे कळल्यावर राजा आपला निर्णय फिरवतो.

या दाखल्यात दोन गोष्टी सहज नजरेतून सुटतात. पहिली अशी की शंभर दिनार ही क्षुल्लक रक्कम नाही. मजुराची ती शंभर दिवसांची कमाई आहे, आणि ज्याचे तेवढे पैसे बुडतात त्याच्या घरात चूल पेटण्याची पंचाईत होते. माणसामाणसांतले अपराध खोटे किंवा किरकोळ आहेत असे हा दाखला म्हणत नाही; ते खरे आहेत, दुखावणारे आहेत, आणि तरीही माणसाला देवाकडून जे सुटले आहे त्याच्यापुढे ते लहान आहेत, असे तो म्हणतो. दुसरी गोष्ट अशी की राजाने कर्ज सोडले तेव्हा ते कर्ज हवेत विरले नाही. सेवकाने ते फेडले नाही याचा अर्थ राजाच्या तिजोरीला तेवढी खोट आली. वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या मृत्यूविषयी ख्रिस्ती लोक जे मानतात, त्याचा आशय इथे दिसतो. देवाने माणसाच्या पापाकडे काणाडोळा केला नाही, त्याची किंमत स्वतःवर घेतली, अशी ती श्रद्धा आहे. ही सूट माणसाने पुण्य साठवून कमावलेली नसते, ती फुकट मिळते, आणि म्हणून तिला कृपा म्हणतात. पहिल्या शतकातल्या पौल या प्रेषिताच्या पत्रांपासून सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्यापर्यंत आणि तिथून आजच्या प्रवचनांपर्यंत ख्रिस्ती धर्मशास्त्रातले बरेच वाद या कृपेभोवती फिरले असले, तरी क्रमाबद्दल मात्र साधारण एकमत आहे: आधी क्षमा मिळते आणि तिच्यातून माणूस बदलू लागतो. माणूस आधी सुधारतो आणि बक्षीस म्हणून त्याला क्षमा मिळते, असा उलटा क्रम नाही.

इथवर ऐकल्यावर कोणीही विचारील की मग गुन्हेगाराला मोकळे सोडायचे काय. याचे उत्तर त्याच अठराव्या अध्यायात, पेत्राच्या प्रश्नाच्या अगदी आधी आहे. तुझ्या भावाने अपराध केला तर त्याच्याकडे एकटा जा आणि त्याचा दोष त्याला दाखव. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना साक्षीला घेऊन जा. तरीही ऐकले नाही तर मंडळीला, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाला, सांग. लूकाच्या शुभवर्तमानात तर वाक्यच असे आहे की भावाने अपराध केला तर त्याला धमकाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. त्याच लूकाने जक्कय नावाच्या जकातदाराची हकिगत दिली आहे. येशू त्याच्या घरी मुक्कामाला येतो म्हटल्यावर हा बुटका, पैसेवाला आणि गावाच्या तिरस्काराचा धनी असलेला माणूस उभा राहून सांगतो की माझी अर्धी मालमत्ता मी गरिबांना देतो, आणि ज्याला ज्याला नाडून काही घेतले असेल त्याला चौपट परत करतो. येशूने त्याला आधी चौपट भर आणि मग मी तुझ्या घरी येईन, असे सांगितलेले नाही. पण तो घरी आल्यानंतर जक्कयाला आपले पैसे पूर्वीसारखे दडवून ठेवता आले नाहीत. नुकसानभरपाईचा हा धागा पुढे चर्चच्या शिकवणीत पक्का झाला. कॅथलिक पंथाची अधिकृत शिकवण आजही असे सांगते की चोरलेली वस्तू परत करणे, एखाद्याची बदनामी केली असेल तर त्याचा लौकिक त्याला परत मिळवून देणे आणि इजेची भरपाई करणे, हा पश्चात्तापाचाच भाग आहे.

आपल्या देशातली दोन उदाहरणे या विषयात वारंवार सांगितली जातात, आणि ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली की क्षमा, शिक्षा आणि समेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट दिसते. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यात कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले, फिलिप आणि टिमथी, यांना जानेवारी १९९९ मध्ये केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावी रात्री गाडीत झोपलेले असताना जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी आणि मागे राहिलेल्या मुलीने थोड्याच दिवसांत मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. ग्लॅडिस मयूरभंजमधले बारीपदा सोडून लगेच मायदेशी गेल्या नाहीत, तर २००४ पर्यंत तिथे राहून त्यांनी कुष्ठरोग्यांचे काम चालू ठेवले. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. खटला मात्र आपल्या गतीने चालला. मुख्य आरोपीला खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस यांची भूमिका अशी होती की क्षमा करणे हे त्यांचे काम आहे आणि गुन्ह्याचे परिणाम ही वेगळी बाब आहे, या दोहोंची गल्लत करू नये. त्यांच्या क्षमेने खटला थांबला नाही, आणि आरोपींना झालेल्या शिक्षेने त्यांची क्षमा खोटीही ठरली नाही.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातले आहे. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्याचे काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया या केरळच्या धर्मभगिनीला २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांदेखत भोसकून मारण्यात आले. मारणारा समंदर सिंह हा भाडोत्री तरुण होता आणि त्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याच्या हातावर राखी बांधली. खुनाला तेव्हा सात वर्षे उलटली होती. पुढे कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी अर्जावर सह्या केल्या, २००६ मध्ये तो सुटला, आणि नंतर केरळात त्यांच्या घरी गेला तेव्हा राणी मारियांच्या वृद्ध आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. नोव्हेंबर २०१७ मध्ये राणी मारियांना इंदूर इथे धन्य (कॅथलिक पंथात संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. इथे क्षमेच्या पुढे जाऊन समेट झाला आहे, आणि तो होऊ शकला याचे एक कारण असे की समोरच्या माणसाने आपला अपराध कबूल केला होता. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघे लागतात. अपराधी शेवटपर्यंत ताठ राहिला, किंवा मरून गेला, तरी त्याला क्षमा करता येते, मात्र त्याच्याशी नाते जोडता येत नाही, आणि ते जुळले नाही म्हणून क्षमा करणाऱ्याने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

अशी उदाहरणे ऐकली की सामान्य माणूस दिपून जातो आणि हे आपल्या आवाक्यातले नाही असे म्हणून मोकळा होतो. म्हणून थोडे खाली, भाऊबंदकीच्या पातळीवर यावे. समजा, गावी राहणाऱ्या थोरल्या भावाने वडिलांच्या पश्चात धाकट्याकडून विश्वासाने हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि सातबाऱ्यावर फक्त स्वतःचे नाव चढवले. धाकटा पुण्यात भाड्याच्या घरात राहतो. त्या दिवसापासून दोन्ही घरांच्या लग्नपत्रिकांतून एकमेकांची नावे गळतात, मुलांना काकांच्या घरी पाणीही प्यायचे नाही असे बजावले जाते, आणि दिवाळीत फराळाच्या ताटासमोर बसून तीच हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगितली जाते. या धाकट्या भावाने ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे वागायचे ठरवले, तर त्याला जमिनीवरचा दावा सोडावा लागेल काय? माझ्या समजुतीने, नाही. ते हक्कसोडपत्र रद्द करून घेण्यासाठी आणि वाटणीसाठी दिवाणी दावा लावून तो आपला हिस्सा मागू शकतो. त्याला सोडावी लागेल ती भावाचे वाटोळे व्हावे ही इच्छा. दावा चालू असतानाही भावाच्या मुलीच्या लग्नाला जाणे, आपल्या मुलांच्या मनात काकाविषयी विष न कालवणे, आणि रात्री प्रार्थनेला बसल्यावर त्या भावाचे नाव घेऊन त्याचे भले मागणे, या तीन गोष्टी न्यायालयाच्या निकालापेक्षा कितीतरी अवघड आहेत. शुभवर्तमानात असा एक प्रसंग खरोखरच आहे: गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो की माझ्या भावाला सांगा, मला वतनाचा वाटा दे. येशू न्यायनिवाडा करायला साफ नकार देतो आणि लोभापासून जपा असे सगळ्यांना सांगतो. त्याचा हा इशारा वाटा बळकावणाऱ्याला जितका लागू आहे तितकाच वाटा मागणाऱ्यालाही आहे, आणि तो ऐकून त्या माणसाला फार बरे वाटले नसणार.

अशी क्षमा एकदा करून संपत नाही. सकाळी मनापासून सोडलेली गोष्ट संध्याकाळी कोणाच्या तरी फोनवरून पुन्हा वर येते. साताच्या सत्तरपट हा आकडा वेगवेगळ्या सत्तर अपराधांसाठी जितका आहे तितकाच एकाच अपराधाच्या सत्तर आठवणींसाठीही आहे, असे मला वाटते. म्हणूनच चर्चने क्षमेला भावनेवर न सोडता तिच्यासाठी सवयी लावून दिल्या. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितल्यावर लगेचच आमची ऋणे सोड असे मागणे आहे, आणि त्याला जोडून आम्हीही आमच्या ऋण्यांना सोडले आहे असे म्हणावे लागते. म्हणजे भाकरीइतकीच ही बाब रोजची आहे. कॅथलिक पंथात पापनिवेदनाचा संस्कार आहे, ज्याला गोव्यात कुमसार म्हणतात. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून एकदा तरी तो घ्यावा असा नियम केला. त्यात पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे पापांची कबुली, धर्मगुरूने उच्चारलेली पापमुक्ती आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त असे भाग असतात, आणि कानावर पडलेले गुपित धर्मगुरूला कोणत्याही परिस्थितीत फोडता येत नाही. ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या पंचाण्णव सिद्धान्तांपैकी पहिलाच असा होता की श्रद्धावंताचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे. त्याच्या वाटेने गेलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, आपल्याकडच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागातल्या मराठी मंडळ्यांतही, पापकबुली मुख्यतः थेट देवापुढे, रविवारच्या उपासनेत सगळ्यांसोबत आणि प्रभुभोजनाआधी एकेकट्याच्या मनात केली जाते.

वर्षाच्या चक्रातही याची एक जागा आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ पाळला जातो. कॅथलिक चर्चमध्ये त्या बुधवारी कपाळावर लावली जाणारी राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (येशूच्या यरुशलेम-प्रवेशाच्या आठवणीचा, ईस्टरच्या आधीचा रविवार) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. वर्षभर घरातल्या क्रूसामागे खोचून ठेवलेल्या आणि वाळून पिवळ्या पडलेल्या झावळ्या त्यासाठी गोळा होतात. गेल्या वर्षी ज्या पानांनी जयजयकार केला, त्यांचीच राख या वर्षी कपाळाला लागते. वर्षभरातल्या भक्तीचा हा ताळेबंद मला अनेक प्रवचनांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

या शिकवणीचा गैरवापरही झालेला आहे, आणि ते सांगितल्याशिवाय विषय पुढे नेणे बरोबर होणार नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, तू प्रार्थना कर आणि त्याला माफ कर, असे सांगून त्याच घरात परत पाठवणारे सल्लागार सर्वच धर्मांत आहेत, ख्रिस्ती मंडळ्यांतही आहेत. धर्मगुरूंकडून झालेले लैंगिक अत्याचार अनेक देशांत वर्षानुवर्षे झाकले गेले, तेव्हाही क्षमेची भाषा पीडितांच्या तोंडावर हात ठेवण्यासाठी वापरली गेली. मत्तयाच्या अध्यायातला जाब विचारण्याचा, साक्षीदार नेण्याचा आणि मंडळीपुढे मांडण्याचा भाग गाळून फक्त साताच्या सत्तरपट एवढेच वाचले की असे होते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडे क्षमा मागता येते, पण ती वसूल करता येत नाही. तिसऱ्याने तर नाहीच नाही. धोका असलेल्या घरातून बाहेर पडणे, पोलिसांत तक्रार देणे आणि मनात सूडाला जागा न देणे हे सगळे एकाच माणसाला एकाच वेळी करता येते.

राहिला प्रश्न स्वतःच्या अपराधाचा, आणि आध्यात्मिक नवीकरणाचा संबंध मुख्यतः त्याच्याशी आहे. पेत्राने येशूला अटक झाल्या रात्री, प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीजवळ ऊब घेत, मी या माणसाला ओळखत नाही असे तीनदा सांगितले होते. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू त्याला भेटतो तेव्हा तिथेही कोळशाचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासे भाजत ठेवलेले असतात, आणि येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर तुझी प्रीती आहे काय? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटते. झाल्या प्रकाराकडे येशू काणाडोळाही करत नाही आणि तो उगाळतही नाही. प्रत्येक उत्तरामागून तो पेत्राला एक काम देतो: माझी मेंढरे सांभाळ. क्षमा मिळालेल्या माणसाला काम मिळते, हे ख्रिस्ती नवीकरणाचे खास लक्षण आहे.

मराठी मुलखात याचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यानंतर जवळजवळ आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, अशी त्यांची भावना होती. मतांचा अभ्यास झाला होता, विधी झाले होते, वाद घालण्याची त्यांची तयारी तर जन्मजातच होती; पापाचे ओझे मात्र उतरले नव्हते. आपण आधी योग्य झाले पाहिजे असे नाही, आहोत तसेच जायचे आहे, हे १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले, आणि त्याचे वर्णन त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत केले आहे. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेला ही गोष्ट बुद्धीने कळून पुरली नाही, ती स्वीकारावी लागली. पुढे दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणून दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभे केले. १९०४ मध्ये वेल्समध्ये झालेल्या धार्मिक जागृतीच्या बातम्या तिथे पोहोचल्या होत्या, आणि जून १९०५ च्या अखेरीस केडगावातही तसेच घडले. मुली आणि बाया रडत आपली पापे कबूल करू लागल्या आणि एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. त्या दिवसांविषयी बरेच लिहिले गेले आहे, कारण ते पाहायला विलक्षण होते. त्यांच्या आधी आणि नंतर मात्र केडगावात रोजचे काम चालू होते: माग, शेती, स्वयंपाक, आंधळ्या बायकांची शाळा, छापखाना. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले होते, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी खिळे जुळवून, ते १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले.